पुण्यात पहिल्यांदा थाई जेवायला जाताय?

पुण्यात मुलाकडे किंवा भाचीकडे चार दिवस राहायला आलेल्या मंडळींना घरचे हौसेने थाई हॉटेलात नेतात. मेनूकार्ड उघडलं की अनोळखी नावं दिसतात. मग बिचकून प्रत्येकजण ओळखीचं काहीतरी मागवतो, कुणी फ्राइड राइस, कुणी नूडल्स, आणि सगळे ‘चायनीजसारखंच होतं’ म्हणत घरी येतात. एवढे पैसे आणि एक दुपार खर्च करून थाई जेवण न चाखताच परतावं, याचं मला फार वाईट वाटतं. भात, नारळ, चिंच, गूळ आणि मिरची यांवर वाढलेल्या माणसाला इतकं जवळचं वाटेल असं दुसरं परदेशी जेवण मला तरी माहीत नाही. फक्त ते मागवायची आणि खायची रीत वेगळी आहे. ते भाताभोवती मांडलेलं, सगळ्यांनी वाटून खायचं जेवण आहे. तसं मागवलंत, तरच ते कळतं.

हॉटेल कसं निवडायचं

पुण्यात थाई जेवण मिळणारी हॉटेलं मुख्यतः कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, विमाननगर या पूर्वेच्या भागात आणि पश्चिमेला बाणेर-बालेवाडीकडे आहेत. १९७४ मध्ये कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम आला, परदेशी लोकांची वर्दळ सुरू झाली आणि त्या भागात वेगळ्या चवीच्या खाणावळी आणि कॅफे रुजले. तिथलं ‘मलाका स्पाइस’ १९९७ पासून चालू आहे. ते निव्वळ थाई नाही. मलेशिया, इंडोनेशिया, व्हिएतनाम असा सगळा आग्नेय आशिया तिथल्या मेनूत आहे. पुण्यात बहुतेक ठिकाणी असंच असतं. पाटीवर ‘पॅन एशियन’ लिहिलेलं असतं आणि एकाच कार्डावर सुशी, डिमसम आणि थाई करी शेजारी शेजारी असतात. त्यात वावगं काही नाही.

जायच्या आदल्या दिवशी मेनू मोबाइलवर बघून घ्या. थाई म्हणून फक्त ‘ग्रीन करी, रेड करी’ एवढंच असेल, तर पहिल्या भेटीसाठी ते हॉटेल मी निवडणार नाही. सोम ताम, तोम खा, मसमन, क्रापाव ही नावं दिसली तर समजा की स्वयंपाकघरात कुणीतरी मन लावून थाई करतंय. फोन करून एक प्रश्न जरूर विचारा: ‘करीचं वाटण तुम्ही इथे करता की तयार आणता?’ इथेच वाटणारे हॉटेलवाले हे अभिमानाने सांगतात.

त्याच फोनवर टेबल राखून ठेवा. रविवारी एक वाजल्यानंतर चांगल्या ठिकाणी थांबावं लागतं. घरात गुडघ्याचा त्रास असलेलं कुणी असेल तर जिने किती आहेत, लिफ्ट आहे का, हेही विचारा. कोरेगाव पार्कातली काही हॉटेलं जुन्या बंगल्यांत आहेत, तिथे पायऱ्या असतात. दुपारचं स्वयंपाकघर बऱ्याच ठिकाणी तीन-साडेतीनला बंद होतं आणि संध्याकाळी सातला उघडतं. त्यामुळे साडेबाराला पोहोचलात तर निवांत जेवण होतं. आणि सोमवार ते शुक्रवार दुपारी काही हॉटेलांत कमी दरातलं लंच मेनू असतं, त्याचीही चौकशी करा.

पोहोचायचं कसं

एसटीने स्वारगेटला उतरलात तर तिथूनच मेट्रो घ्या, सिव्हिल कोर्टला गाडी बदला आणि रामवाडीकडे जाणाऱ्या मेट्रोत बसा. रेल्वेने आलात तर पुणे स्टेशनवरून ही रामवाडीची मेट्रो थेट मिळते. कोरेगाव पार्कसाठी बंड गार्डन स्टेशनला उतरून रिक्षा करायची. कल्याणीनगरला त्याच नावाचं स्टेशन आहे आणि विमाननगरला जायचं तर शेवटचं रामवाडी. बाणेर-बालेवाडीला पीएमपीची बस किंवा रिक्षा बरी. स्वतःची गाडी नेत असाल तर रविवारी दुपारी पार्किंगसाठी पंधरा-वीस मिनिटं जास्तीची धरा.

शाकाहारी असाल तर, आणि वार पाळत असाल तर

हा भाग नीट वाचा, कारण गैरसमज इथेच होतात.

थाई स्वयंपाकात मिठाचं बरंचसं काम नाम प्ला करतं, म्हणजे फिश सॉस. मांदेलीच्या कुळातले बारीक मासे मिठात घालून कित्येक महिने मुरवतात आणि त्याचा तांबूस रस गाळून घेतात. दुसरी वस्तू कापी. जवळ्यासारखी बारीक कोळंबी मिठात आंबवून, वाळवून, कुटून केलेली ही पेस्ट करीच्या वाटणातच वाटलेली असते. तिसरा ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा, तो परतलेल्या भाज्यांत पडतो. या तिन्ही गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. ताटलीत फक्त वांगी, मक्याची कोवळी कणसं आणि टोफू दिसतोय म्हणून करी शाकाहारी आहे, असं धरून चालू नका. वाटणात कापी असेल तर ती मागाहून काढता येत नाही.

म्हणून ‘व्हेज आहे ना?’ एवढंच विचारून थांबू नका. नावं घेऊन विचारा: ‘फिश सॉस, ऑयस्टर सॉस आणि कोळंबीची पेस्ट, यांतलं काही यात आहे का? व्हेजसाठी वाटण वेगळं करता का?’ थाई हॉटेलांत वाढणारी मुलं बऱ्याचदा ईशान्येकडच्या राज्यांतली किंवा नेपाळची असतात, तेव्हा हिंदीतून विचारा. त्याला खात्री नसेल तर ‘दादा, जरा शेफना विचारून सांगा’ म्हणायचं. यात संकोचण्यासारखं काही नाही. पुण्यातल्या हॉटेलांना हा प्रश्न रोजचा आहे. बऱ्याच ठिकाणी शाकाहारी वाटण वेगळं ठेवतात आणि सोया सॉस किंवा मशरूमच्या सॉसवर भागवतात.

गुरुवार, चतुर्थी, श्रावण पाळणारे लोक टेबलावर असतील तर त्यांच्यासाठीही हेच प्रश्न. अंडं चालत नसेल तर पाद थाईच्या नूडल्स आणि फ्राइड राइस मागवताना वेगळं सांगा, कारण दोन्हीत ते नेहमी असतं. जैन मंडळींची अडचण मोठी आहे. करीच्या वाटणात छोटे कांदे आणि लसूण असतातच, त्यामुळे करी सोडून द्या आणि परतलेली भाजी कांदा-लसणाशिवाय करून मागा. शेंगदाण्याची अॅलर्जी असणाऱ्याने तर आधीच सांगावं: पाद थाई, सोम ताम, सातेची (काडीवर भाजलेल्या तुकड्यांची) चटणी आणि मसमन करी, सगळ्यांत दाणे असतात.

आणखी एक गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. पाद क्रापाव हा खिम्यासारखा परतलेला पदार्थ थायलंडमध्ये तुळशीच्याच पानांचा करतात. आपल्या अंगणातली तुळस आणि त्यांची क्रापाव वनस्पतिशास्त्राने एकच. भारतात पुष्कळदा त्याऐवजी दुसरी बेसिल वापरतात, पण चिकनमध्ये तुळस ही कल्पनाच आजीला सहन होणार नसेल, तर तो पदार्थ त्या दिवशी मागवू नये. ग्रीन करीत पडणारी गोड वासाची पानं मात्र वेगळी, ज्याच्या बियांना आपण सब्जा म्हणतो त्या झाडाच्या जातीची. ती कुणालाही चालावीत.

मागवायचं काय आणि किती

प्रत्येकाने आपापला पदार्थ मागवायचा नाही, हा पहिला नियम. थाई घरात भात प्रत्येकाच्या ताटलीत असतो आणि बाकी सगळं मध्ये ठेवतात. कार्ड एकाच्या हातात द्या आणि टेबलाची मिळून एक ऑर्डर द्या.

चार जणांसाठी मी साधारण असं मागवते: एक सूप, एक सोम ताम, एक करी, एक परतलेली भाजी किंवा मासा, आणि दोन वाट्या साधा जास्मिन भात. नूडल्स हव्या असतील तर त्या शेवटी, पोटात जागा उरली तर. दोघंच असाल तर सूप वन बाय टू, एक करी, एक परतलेला पदार्थ आणि एक भात पुष्कळ होतो. फ्राइड राइस मागवू नका. त्याला स्वतःची चव असते, ती करीच्या आड येते.

निवडताना एवढं बघा की एकाच चवीचे दोन पदार्थ येऊ नयेत. खारट, आंबट, गोड आणि तिखट या चार चवी थाई स्वयंपाक सतत तोलत असतो, कधी एकाच वाटीत, कधी सगळ्या टेबलावर मिळून. चिंचगुळाच्या आमटीवर वाढलेल्या जिभेला हे समजावून सांगावं लागत नाही. नारळाच्या दुधाची करी घेतलीत तर सूप पातळ, आंबट घ्या. सूप नारळाचं घेतलंत तर करीऐवजी परतलेलं काहीतरी घ्या.

सूपमध्ये तोम यम आंबट-तिखट असतं. कोळंबीचं तोम यम कुंग २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं, इतकी ती त्या देशाची ओळख आहे. तोम खा हे नारळाच्या दुधातलं, सौम्य. घरात लहान मुलं असतील तर तोम खा घ्या. दोन्हींत गवती चहाच्या कांड्या, आल्यासारख्या दिसणाऱ्या गलांगलच्या चकत्या आणि जाड सालीच्या एका लिंबाची पानं असतात. ती फक्त वासासाठी आहेत, खायची नाहीत. माझ्या साताऱ्याच्या मावशीने गलांगलची चकती आलं समजून चावली आणि बराच वेळ चघळत बसली. लाकडासारखी चिवट, ती काही मोडेना. असे तुकडे वाटीच्या कडेला काढून ठेवायचे.

सोम ताम म्हणजे कच्च्या पपईचा कीस. खलबत्त्यात लसूण, मिरची, चवळीच्या शेंगा, टोमॅटो ठेचून त्यात लिंबू आणि माडाचा गूळ घालतात, वर दाणे. मूळचा तो थायलंडच्या ईशान्येकडचा, इसान भागातला. चांगला सोम ताम समोर येतो तेव्हा पपई ओलसर पण कुरकुरीत असते आणि तळाशी आंबटगोड रस साठलेला असतो. तो रस टाकू नका, भातावर घ्या. टेबलावर कुणी गरोदर असेल तर तिला हे देऊ नका. त्याऐवजी कैरीचं सलाड बऱ्याच ठिकाणी मिळतं.

करींपैकी पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी मसमन सुचवते. मुस्लिम व्यापाऱ्यांच्या संपर्कातून आलेल्या या करीत दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ असे भाजलेले मसाले आहेत, बटाटा आहे, दाणे आहेत, चिंच आणि गूळ आहे. वास घेतला की घरची ओळख पटते, आणि तरीही ती आपली नाही, हे पहिल्या घासालाच कळतं. ज्यांना नवीन चव हवी त्यांनी ग्रीन करी घ्यावी. हिरवी मिरची, गवती चहा, गलांगल, कोथिंबिरीची मुळं, छोटे कांदे, लसूण, धणे-जिरे आणि पांढरी मिरी यांचं ते वाटण. चांगला आचारी नारळाचं घट्ट दूध आधी आटवतो आणि त्याला तेल सुटलं की त्यात वाटण परततो. अशा करीच्या वर हिरवट तेलाचे बारीक थेंब तरंगताना दिसतात आणि रस्सा पातळसर असतो. चमच्याला गोंदासारखी चिकटणारी, कॉर्नफ्लोअर लावून दाट केलेली करी आली तर त्या हॉटेलात पुढच्या वेळी करी मागवू नका.

पाद थाई सगळ्यांना माहीत असते, म्हणून तिच्याबद्दल थोडंच. फिबुनसोंगख्राम थायलंडचे पंतप्रधान असताना, म्हणजे १९३८ ते १९४४ या काळात, सरकारने नूडल्स खाण्याचा प्रचार केला आणि ही डिश घराघरात गेली. चांगली पाद थाई चिंचेमुळे आंबटगोड आणि कोरडी असते. लालभडक आणि केचपची चव लागणारी असेल तर ती खरी नव्हे.

तिखटाबद्दल. कोल्हापूर-सोलापूरकडची मंडळी ‘आम्हाला तिखटाचं काय’ म्हणतात. आपलं तिखट बहुधा तेलात परतलेलं, शिजलेलं असतं. सोम ताममध्ये बारीक थाई मिरची कच्ची ठेचतात, ती थेट जिभेवर येते. पहिल्यांदा ‘मीडियम’ सांगा. झोंबलंच तर पाणी पिऊ नका. मिरचीतला तिखट घटक पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो. भात, नारळाची करी किंवा दूध घातलेला थंडगार थाई चहा याने लगेच आराम पडतो.

आणि ऑर्डर देताना शेवटी एक वाक्य: ‘सगळं एकदमच आणा.’ हे सांगितलं नाही तर सूप आधी, मग सलाड, मग वीस मिनिटांनी करी अशा क्रमाने येतं आणि चवी एकमेकींना भेटतच नाहीत.

जेवायचं कसं

चॉपस्टिक्स दिल्या तर त्या बाजूला ठेवा. थायलंडमध्ये त्या मुख्यतः नूडल्सच्या सूपसाठी वापरतात. भाताचं जेवण चमच्याने होतं: चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात, काट्याने घास चमच्यावर ढकलायचा. काटा तोंडात घालत नाहीत. हा काटा-चमचाही तिकडे एकोणिसाव्या शतकातच आला. त्याआधी ते लोक हाताने जेवायचे आणि चिकट भात आजही हातानेच खातात. तेव्हा आजोबांना हाताने बरं वाटत असेल तर त्यांना खुशाल जेवू द्या, कुणीही काही म्हणणार नाही.

ताटलीत आधी भात घ्या, दोन-तीन चमचे. मग मधल्या एका वाडग्यातून एक-दोन चमचे करी भाताच्या एका बाजूला. ते संपलं की दुसरा पदार्थ. सगळं एकदम वाढून घेऊन कालवलं की प्रत्येकाची चव हरवते. सूप वेगळं पिऊन संपवण्याची घाई नको, तेही भाताबरोबर घोट घोट घ्यायचं. साधा भात तुम्हाला सुरुवातीला अळणी वाटेल, कारण त्यात मीठ नसतं. तो तसाच हवा. करी आणि सॉस खारट असतात, ते त्याच्यासाठीच.

काही ठिकाणी छोट्या वाट्यांत सुकी मिरची, साखर, मिरच्या घातलेलं व्हिनेगर आणि फिश सॉस ठेवतात. आधी पदार्थ चाखा, मग लागेल तसं घ्या. शाकाहारी असाल तर पातळ तपकिरी रसाच्या वाटीकडे जाऊ नका.

गोडात मोसमात आंबा आणि चिकट भात मिळाला तर तोच घ्या. उकडलेल्या चिकट भाताला गोड आणि किंचित खारट नारळाचं दूध मुरवतात आणि शेजारी आंब्याच्या फोडी. ‘भाताबरोबर आंबा?’ म्हणून नाक मुरडणारी माणसं दुसरा चमचा स्वतःहून घेताना मी पाहिली आहेत. मोसम सोडून इतर वेळी आंबा बहुधा फ्रीजरमधला असतो. तेव्हा नारळाच्या दुधातले वॉटर चेस्टनटचे (शिंगाड्यासारख्या कुरकुरीत कंदाचे) लाल दाणे, तब तिम क्रोब, असले तर ते मागवा.

बिल

कोरेगाव पार्कासारख्या भागात एका करीला साधारण पाचशे ते आठशे रुपये धरा. वर सांगितल्यासारखं मिळून मागवलंत तर चौघांचं जेवण तीन ते चार हजारांच्या घरात बसावं. सुरुवातीला ‘पाणी कोणतं?’ असं विचारतात, तेव्हा ‘साधं’ म्हणून सांगितलं तर बाटलीचे पैसे लागत नाहीत.

बिलात जीएसटी साधारणपणे ५ टक्के असतो. ज्या तारांकित हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७५०० रुपयांहून जास्त आहे, तिथल्या रेस्टॉरंटात तो १८ टक्के लागतो, म्हणून जागा ठरवतानाच हे लक्षात घ्या. सर्व्हिस चार्ज ही वेगळी रक्कम, ती सरकारकडे जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या की हॉटेलने हा चार्ज आपोआप बिलात लावू नये, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. बिलात तो दिसला तर शांतपणे ‘हा काढून द्या’ म्हणा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. वाढणाऱ्या मुलाने तुमचे सगळे प्रश्न नीट शेफपर्यंत नेले असतील, तर त्याच्या हातात रोख टिप अवश्य द्या.

उरलेलं बांधून मागा, पण बघून. त्याच दिवशी एसटीने गावी परतणार असाल तर नारळाच्या दुधाची करी सोबत नेऊ नका, पुण्याच्या उन्हाळ्यात ती दोन-तीन तासांत आंबते. सोम तामही नको, त्याला पाणी सुटतं. पाद थाई संध्याकाळपर्यंत खाऊन टाका. मुक्काम पुण्यातच असेल तर करी घरी पोहोचताच फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मंद आचेवर गरम करा, जोरात उकळी आणली तर नारळाचं दूध फुटतं. मसमन तर दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेली लागते. तिच्यासाठी ताजा भात लावा.